सगळे भाग पास, पंप नापास

सहा इंच आणि सहा इंच मिळून बारा इंच होतात हे शाळेत शिकलेलं मला नोकरीत विसरावं लागलं, आणि ते विसरण्याबद्दलच पुढे जन्मभर पगार मिळाला. कारखान्यात सहा आणि सहा मिळून बारा कधीच होत नाहीत. कधी बाराच्या किंचित वर, कधी किंचित खाली. हे किंचित म्हणजे किती, ते चालेल की नाही, आणि न चालल्यास शिव्या कोणाला बसणार, एवढाच माझ्या नोकरीचा विषय होता. आता माझा नातू याला टॉलरन्स स्टॅक-अप म्हणतो आणि कॉम्प्युटरवर करतो. आम्ही त्याला बेरीज म्हणायचो. त्यामुळे माझे सासरे शेवटपर्यंत मला अकाउंट्स खात्यातला समजत राहिले, आणि मीही त्यांचा समज कधी मोडला नाही.

हे काम समजायला अवघड नाही. कोणताही भाग ड्रॉइंगवर लिहिलेल्या नेमक्या मापाचा होत नाही. लेथवर कितीही हुशार माणूस उभा करा, थोडं इकडेतिकडे होणारच. म्हणून मापाच्या शेजारी मुभा लिहितात: इतकं जास्त चालेल, इतकं कमी चालेल. आमच्या वेळी ती मुभा थाऊमध्ये असे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डोक्यावरचा केस अडीच-तीन थाऊ जाड असतो, ज्यांना केस आहेत त्यांनी मोजून पाहावा. मुभेच्या आत तो भाग पास, बाहेर तो बाद.

गोम यापुढे आहे. एसटीच्या तीन माणसांच्या बाकाचं उदाहरण घ्या. बाक करणाऱ्याने विचार केलेला असतो की एखादा जाडा येईल, एखादा किडकिडीत येईल, तिघांचं भागून जाईल. आणि ते भागतंही. पण माझ्या सासरची तीन माणसं एका बाकावर बसली की तिसरा अर्धा बाहेर असतो. त्यातला एकेक जण वेगळा काढून पाहिलात तर कोणीच फार जाड नाही. तिघेही एकाच बाजूला थोडेथोडे झुकलेले, इतकंच. मशीनमध्येही असंच होतं, पण ते मला कळायला एका माणसाची नोकरी आणि लग्न दोन्ही टांगणीला लागावी लागली.

पन्नासच्या दशकाची अखेर. पुणे-मुंबई रस्त्याच्या कडेला पिंपरीत तेव्हा एकेक कारखाना उभा राहत होता, आणि दोन कारखान्यांच्या मध्ये अजून ज्वारी उभी असायची. आमची कंपनी शेतीचे पंप करायची. ड्रॉइंगं विलायतेची, भाग आमचे. मी ड्रॉइंग ऑफिसमध्ये होतो. टायला इस्त्री, नाक वर आणि शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या शेडमध्ये, पाऊल टाकलं तर बुटाला तेल लागेल अशी भीती, असा मी होतो.

पंप जुळवायच्या खात्यात, म्हणजे असेंब्लीत, सदाशिव नावाचा फिटर होता. गावचाच मुलगा. कंपनीच्या कुंपणात त्याच्या घरचं रान गेलं होतं, त्या बदल्यात त्याला नोकरी मिळाली होती. नोकरी मिळाली म्हणून लग्नही ठरलं होतं, खेडच्या मुलीशी. खेडचं राजगुरुनगर झालं ते वेगळं, आम्ही खेडच म्हणायचो.

सदाशिवच्या हाताला विलक्षण जाण होती. पंपाच्या शाफ्टचं एक घर असतं. त्या घरात ओळीने दोन बेअरिंगं, त्यांच्यामध्ये एक नळी आणि शेवटी एक कडं बसतं, आणि वरून झाकण लागतं. झाकणाचा गळा आत शिरून कड्यापर्यंत पोचतो, पण त्याला टेकायचं नाही. मध्ये दहा थाऊची मोकळीक राहायला हवी. ती नाहीशी झाली की झाकण बेअरिंगांचा गळा धरतं, पंप जड फिरतो, तापतो आणि अडकतो. सदाशिव काय करायचा, की भाग बसवून बघायचा, घट्ट वाटलं की कडं काढून त्यावर चार हात कानस मारायचा, पुन्हा बसवायचा, बोटाने शाफ्ट फिरवायचा आणि मान डोलावून पंप पुढे ढकलायचा. एकही पंप अडकत नव्हता. आम्हाला वाटायचं, ड्रॉइंग उत्तम आहे.

मग नाशिककडून एक द्राक्षबागायतदार आले. त्यांनी पंप ट्रकमध्ये घालून थेट आमच्या फाटकात उतरवला आणि शेजारी स्वतः बसले. पंपाचं कडं झिजलं म्हणून त्यांनी नवीन मागवलं होतं आणि ते बसत नव्हतं.

"ह्यो तुमचा पंप आन् ह्ये तुमचंच कडं," ते म्हणाले, "दोगांचं लगीन लावून दाखवा. मी काय घाईत न्हाई, भाकरी आनलीया."

खरोखर त्यांनी भाकरी सोडली. त्यांचा पंप सदाशिवने जुळवताना जुनं कडं घासून बारीक केलेलं, आणि आम्ही पाठवलेलं नवं पूर्ण मापाचं. ते कसं बसणार?

आमचे वर्क्स मॅनेजर पूर्वी लष्करात होते, सगळे त्यांना मेजरसाहेब म्हणत. माणूस कडक, पण न्यायी. ते असेंब्लीत आले आणि समोरच्या टेबलावरची कानस उचलून म्हणाले, "हा कारखाना आहे की सुताराचं दुकान? कोणताही भाग कोणत्याही पंपात बसला पाहिजे. उद्यापासून या खात्यात कानस दिसता कामा नये." त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. सदाशिव मात्र सगळ्यांदेखत बोलून गेला, "साहेब, कानस न्हाई तर पंप न्हाई."

हे वाक्य त्याला चांगलंच महागात पडलं. कानशी गेल्या आणि पंप अडकायला लागले. एखाददुसरा नव्हे, जवळजवळ प्रत्येक. इन्स्पेक्शनने भाग पुन्हा तपासले, सगळे पास. मग अडकतात कसे? ज्याने अडकतील असं बजावलं होतं त्यानेच अडकवले असणार, असा सरळ हिशोब वरच्या लोकांनी केला. मुद्दाम काम बिघडवल्याचा ठपका सदाशिववर आला आणि शनिवारी चौकशी ठरली. शनिवारी काय होणार हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं.

त्या आठवड्यात एका दुपारी सदाशिव ड्रॉइंग ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात, पाय उंबऱ्याबाहेर.

"दामलेसाहेब, एक इचारू का? रागावनार न्हाई ना?"

"विचार."

"ड्रॉइंग चुकीचं आसंल का?"

मी रागावलो. "अरे, ते विलायतेचं ड्रॉइंग आहे."

"व्हय, पन पंप आमी पिंपरीत बसवतोय नव्हं?" तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "खेडचं पाव्हनं म्हनत्यात, नोकरी ऱ्हायली तर लगीन, न्हाई तर दुसरं ठिकान बगतो. त्यांचंबी काय चुकलं? आमच्याकडं जिमीन तर आता न्हाई."

तो गेला आणि मी तिरीमिरीत ड्रॉइंग उघडलं. त्याची दया आली म्हणून नव्हे, हे इथे लिहायला हरकत नाही. ड्रॉइंगला नावं ठेवली म्हणून. ते बरोबर आहे हे कागदावर सिद्ध करायचं आणि विषय संपवायचा, एवढाच माझा बेत होता.

बेअरिंगं बाहेरून यायची, त्यांची मापं चोख. उरली आमची चार मापं: नळीची लांबी, कड्याची जाडी, झाकणाचा गळा आणि घराची खोली. प्रत्येकाला चार थाऊची मुभा, जास्त किंवा कमी. सगळं मधल्या मापाचं आलं तर मोकळीक दहा थाऊ, अगदी ठाकठीक. पण नळी, कडं आणि गळा तिन्ही चार-चार थाऊ जास्त आले, आणि घर चार थाऊ उथळ आलं, तर? चार चोक सोळा. दहातून सोळा जात नाहीत. म्हणजे चारही भाग पास असून पंप सहा थाऊंनी अडकणार. मी पेन्सिल खाली ठेवली. विलायतेच्या ड्रॉइंगने पंप अडकायला रीतसर परवानगी दिलेली होती.

तरी मनाचं समाधान होईना. ड्रॉइंग करणाऱ्यांनी एसटीच्या बाकासारखाच विचार केला असणार: एक जास्त, एक कमी, भागून जाईल. चारही भाग एकाच बाजूला झुकलेले हे क्वचित घडावं. आमच्याकडे रोज का घडत होतं?

मायक्रोमीटर घेऊन मी स्टोअरमध्ये गेलो आणि पेटीतले भाग मोजत बसलो. इथे एक सांगायला हवं. आमचं इन्स्पेक्शन गेजने चालायचं. गेजच्या एका तोंडात भाग शिरला पाहिजे, दुसऱ्यात शिरता कामा नये. शिरला, नाही शिरला, पास. तो मुभेच्या कुठल्या टोकाला आहे हे गेज सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. मी मोजत गेलो. नळी तीन थाऊ जास्त. पुढची तीन. पुढची साडेतीन. कडी तशीच, झाकणं तशीच. घरं सगळी तीन थाऊ उथळ. अख्ख्या पेटीत मोकळीक वाढवणारा एक भाग मला सापडला नाही. तीन चोक बारा, आणि मोकळीक दहाची. प्रत्येक पंप दोन थाऊंनी अडकणार होता, मग तो सदाशिवने जुळवो की ब्रह्मदेवाने.

बुटांची पर्वा न करता मी लेथवर गेलो. तिथे नारायण मिस्त्री होते, कराडकडचे. आमच्याकडचा सगळ्यात पक्का टर्नर. ते नळी कातत होते. गेज लावलं, शिरलं, आणि त्यांनी लगेच हत्यार मागे घेतलं.

"मिस्त्री, इथेच का थांबलात? अजून तीन-चार थाऊ काढता आले असते."

"गेज गेलं की."

"हो, पण मधलं माप अजून लांब आहे."

त्यांनी माझ्याकडे लहान मुलाकडे बघतात तसं पाहिलं. "दामलेसाहेब, जास्त ऱ्हायलं तर पुन्ना काढता येतंय. कमी झालं तर कुठनं लावायचं? आमच्या वस्तादानं पयल्या दिवशी शिकवलंय, धातू राखून काम करायचं."

झालं. इतकंच होतं ते. नळीवाला धातू राखत होता म्हणून नळी लांब. कडंवाला राखत होता म्हणून कडं जाड. झाकणवाला राखत होता म्हणून गळा लांब. आणि घर पोखरणाराही धातूच राखत होता, म्हणून घर उथळ. चौघे चांगले कारागीर, चौघांनी वस्तादाचं ऐकलेलं, आणि चौघांच्या शहाणपणाची बेरीज सदाशिवच्या टेबलावर येऊन पडत होती. इतके दिवस तो ती मुकाट्याने कानशीने घासून टाकत होता, म्हणून आम्हा कोणाला पत्ताच नव्हता.

मी मिस्त्रींना सगळं समजावलं आणि म्हटलं, एका पंपापुरती नळी, कडं आणि झाकण बरोबर मधल्या मापाला करून द्या.

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "म्हंजी चूक आमची म्हना की."

"चूक कोणाचीच नाही, मिस्त्री."

"मग पोराला काढताय कशाला?"

मग मिस्त्रीच चष्मा पुसून म्हणाले, "द्या हिकडं ते मायक्रोमीटर. मी आजवर कदी इतकं खाली उतरलो न्हाई. बाद झालं तर तुमी जबाबदार."

शनिवारी चौकशी असेंब्लीतच भरली. मेजरसाहेब, दोन अधिकारी, मागे सगळं खातं आणि मध्ये सदाशिव. मी पुढे होऊन बेरीज सांगायला लागलो. मेजरसाहेबांनी हात वर केला.

"दामले, आकडेमोड नको. कागदावर काहीही सिद्ध करता येतं. भाग पास आहेत, फिटर तोच आहे, पंप अडकतात. मला दुसरं काही दिसत नाही."

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मग साहेब, आपणच एक बसवून पाहावा."

माझी स्वतःची नोकरीही आता गेली, असं मला वाटलं. मेजरसाहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, मग कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बाह्या सारल्या. लष्करात त्यांनी इंजिनं उघडली होती, हाताला सवय होती. पेटीतून भाग त्यांनी स्वतः निवडले, प्रत्येकाला स्वतः गेज लावलं. सगळे पास. बेअरिंग, नळी, बेअरिंग, कडं, झाकण. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळले, अगदी शिस्तीत. मग शाफ्टला हात घातला.

शाफ्ट जागचा हलेना. त्यांनी बोल्ट सैल केले, पुन्हा आवळले, पुन्हा हात घातला. मनगटाच्या शिरा दिसायला लागल्या. शेवटी त्यांनी हात पुसले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आता मलाही चार्जशीट द्यावी लागेल."

कोणीतरी हसलं, आणि त्यांनी त्याला रागावलंही नाही. मग मी मिस्त्रींनी केलेले भाग पुढे ठेवले आणि सदाशिवला खूण केली. घर तेच ठेवलं, मेजरसाहेबांनी निवडलेलं. सदाशिवच्या हातून एक बोल्ट खाली पडला, तो मिस्त्रींनीच वाकून उचलून दिला. झाकण बसलं. सदाशिवने शाफ्टवर एक बोट ठेवलं आणि हळूच ढकललं.

शाफ्ट फिरला. बोट काढल्यावरही फिरत राहिला. सगळं खातं ती बारीक घरघर ऐकत होतं, आणि ती थांबल्यावर मेजरसाहेबांनी स्वतः पुढे होऊन बोटाने पुन्हा एकदा फिरवला. सदाशिव टेबलाला धरून खाली बसला. मलाही बसावंसं वाटलं, पण टाय होता ना.

पुढचं थोडक्यात सांगतो. ठपका तिथेच रद्द झाला. सगळ्या टर्नरांनी मधल्या मापाला काम करावं असा हुकूम काढायचं मेजरसाहेबांच्या मनात होतं. मी म्हटलं, साहेब, वस्तादाने शिकवलेलं नोटिशीने जात नाही, त्यापेक्षा कड्याचंच माप ड्रॉइंगमध्ये सहा थाऊंनी उतरवू. मग सगळ्यांनी खुशाल धातू राखावा. विलायतेचं ड्रॉइंग बदलायचं म्हणजे तेव्हा मोठं पाप, पण त्यांनी ते आपल्या अंगावर घेतलं. त्या बदलाखाली माझी सही आहे. आयुष्यात पुष्कळ सह्या केल्या, पण अजून झोप येत नसेल तर मी तीच आठवतो. नाशिकच्या बागायतदारांना आम्ही कडं पाठवलं नाही, अख्खा नवा पंपच पाठवला.

एक गोष्ट मात्र टोचते. पंप कानशीशिवाय बसायला लागले आणि सदाशिवच्या हातातल्या त्या जाणिवेचं काम उरलं नाही. पुढे तो चार्जहँड, म्हणजे टोळीचा मुकादम झाला, सुपरवायझर झाला. एकदा म्हणाला, "आता पंप कुनीबी बसवतो, साहेब." त्यात तक्रार नव्हती, पण मला ते ऐकवलं नाही. ती कला मीच बेरीज करून संपवली होती, आणि संपवायलाच हवी होती.

पण त्या शनिवारचं एक राहिलंच. चौकशी संपल्यावर मी सदाशिवला पिंपरी कॅम्पातल्या हॉटेलात चहाला घेऊन निघालो. फाटकाबाहेर लिंबाखाली एक म्हातारे गृहस्थ उभे होते. फेटा, काखेत छत्री, धुळीने भरलेल्या वहाणा. तेच खेडचे पाहुणे, निकाल काय लागतो ते स्वतःच्या कानांनी ऐकायला आलेले. मुलीच्या बापाने आणखी काय करावं?

सदाशिवला पाहून ते पुढे आले. "काय झालं?"

सदाशिवने नुसतं एक बोट हवेत धरलं आणि गोल फिरवलं. पुन्हा फिरवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

म्हाताऱ्यांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नोकरी आहे."

त्यांनी छत्री दुसऱ्या काखेत घेतली, सदाशिवचं ते हवेतलं बोट आपल्या मुठीत धरून खाली आणलं आणि म्हणाले, "बास आता. चला, च्या पाजा. पोरगी सकाळपास्नं जेवली न्हाई, मला सांजच्या आत घरी पोचाय हवं."